वळणाच्या खालचा काठ: कृष्णेकाठच्या एका मळीचं प्रकरण

पार्श्वभूमी

कराडला कोयना मिळाली की कृष्णा सांगलीकडं निघते, पण सरळ अशी ती जातच नाही, सारखी डावीकडं उजवीकडं वळत जाते. अशाच एका वळणाच्या बाहेरच्या बाजूला आमच्या घरची अडीच एकर मळी आहे. मळी म्हणजे पुराच्या गाळानंच तयार झालेली जमीन, खत कमी पडलं तरी ऊस मान वर काढतोच. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही देत नाही, कारण या काठावरून समोरच्या गावाशी बरीच बोलाचाली झालेली आणि ती आत्ता कुठं शमलीय. मी त्या घरातलाच. पुण्यात सिव्हिलच्या साइटवर असतो, शेती चुलते बघतात, त्यांना सगळे आबा म्हणतात.

आजोबांनी मोटार वळणाच्या बाहेरच्या काठावर बसवली होती आणि त्यात त्यांचा हिशोब अगदी बरोबर होता. वळणात बाहेरच्या बाजूला डोह पडतो, आतल्या बाजूला वाळू साठते. एप्रिल-मे मध्ये समोरच्या काठाला गुडघाभर पाणी असायचं तेव्हा आमच्या फूटव्हॉल्व्हवर, म्हणजे मोटारीच्या पाइपच्या पाण्यातल्या तोंडावर, दोन पुरुष पाणी असायचं, वाळूही ओढली जायची नाही. सगळ्या नदीकाठी मोटारी, जॅकवेल (पाणी उपसायच्या काठावरच्या विहिरी) बाहेरच्या वळणालाच दिसतात त्या यामुळंच. पण ज्या कारणानं तिथं डोह पडतो त्याच कारणानं काठही पोखरला जातो, हा दुसरा भाग आमच्या घरात कुणी कधी बोलून दाखवला नव्हता.

२००५ च्या महापुरात काठावरची दोन जांभळं गेली. तेव्हा सगळ्यांनी महापूर म्हणून सोडून दिलं. मग आला २०१९ चा ऑगस्ट.

नेमकं काय झालं

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमची मळी कित्येक दिवस पाण्याखाली होती. गंमत वाटेल पण पूर अंगावर असताना काठ जागेवर होता, पडला तो पूर उतरताना. पाणी झपाझप खाली गेलं, उसाचे शेंडे दिसले, घरात जरा जीवात जीव आला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आबांना सरीत नदीला समांतर एक भेग दिसली. बोट जाईल एवढी. संध्याकाळी त्यात हात जात होता. रात्री अकराच्या सुमाराला धप्प असा आवाज आला, लांबून कुणीतरी धान्याचं पोतं टाकावं तसा, आबा बॅटरी घेऊन गेले तर मोटारीची खोली कलली होती आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती भिंतीसकट, स्टार्टर पेटीसकट खाली बसली. सकाळी मोजलं तर सव्वादोनशे फूट लांब आणि अठरा फूट रुंद पट्टा गेला होता, साडेतीन-पावणेचार गुंठे. ऊस उभाच्या उभा खाली डगरीच्या, म्हणजे काठाच्या उभ्या कड्याच्या, पायथ्याला पडलेला.

पूर उतरल्यावर का पडतो ते आधी सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय यावर आहेत. पूर असताना पाणी काठाच्या मातीत मुरतं, पण बाहेरून नदीचं पाणी त्या मातीला टेकू दिल्यासारखं उभं असतं. नदी झटकन खाली गेली की टेकू गेला, आणि माती मात्र आतून पाण्यानं जड झालेली, आमच्याकडची काळी माती तर पाणी सोडायला फार वेळ लावते. त्यात पायथा आधीच पोखरलेला. मग वरची वडी कापल्यासारखी सुटते. म्हणजे वरचं पडणं हा शेवटचा प्रकार, चोरी आधीच खाली, पाण्याच्या आत झालेली असते.

पाणी वळणात काय करतं

हे मला डिप्लोमाला शिकवलं होतं असं म्हणायला हरकत नाही, पण कळलं ते आमच्या स्वयंपाकघरात. काकू चहा गाळायच्या आधी पातेलं ढवळून ठेवायच्या, एकदा सहज बघितलं तर चहाची पावडर मधोमध गोळा झालेली. खरं तर गोल फिरणाऱ्या पाण्यात जड वस्तू बाहेर फेकली गेली पाहिजे. पण पातेल्यात बाहेरच्या कडेला पाणी किंचित वर चढतं, त्यामुळं कडेला दाब वाढतो, वरचं पाणी जोरात फिरत असतं म्हणून ते त्या दाबाला पुरून उरतं, तळाचं पाणी मात्र तळाला घासून मंद झालेलं असतं, त्याला तो दाब आत मध्यभागी ढकलतो आणि ते येताना पावडर घेऊन येतं. आइनस्टाईननं १९२६ साली नद्यांच्या वळणांवर जो लेख लिहिला त्यात हेच चहाचं उदाहरण आहे. त्याच्याही आधी १८७६ मध्ये जेम्स थॉमसननं, म्हणजे लॉर्ड केल्विनच्या थोरल्या भावानं, नदीच्या वळणातली ही तळाची आडवी ओढ समजावून सांगितली होती.

नदीत पातेल्यासारखं बंद वर्तुळ नसतं, पाणी पुढंही चाललेलं असतं, त्यामुळं दोन्ही मिळून पीळ तयार होतो, दोरीला असतो तसा. वरचं पाणी बाहेरच्या काठाकडं येतं, काठाशी खाली बुडी मारतं, पायथा खरडतं, आणि तळातनं वाळू घेऊन आतल्या काठाकडं चढतं. बाहेर डोह, आत वाळूची भर. पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा म्हणतात, तिथलं वळणही याच नियमानं चालतं.

आमच्या वळणाचा हिशोब मी नंतर करून बघितला. पूर्ण भरलेल्या पात्राची रुंदी १२० मीटरच्या आसपास, वळणाची त्रिज्या साधारण ३५० मीटर, पुरात वेग सेकंदाला २ मीटर धरला तर बाहेरच्या काठाला पाणी आतल्यापेक्षा साधारण १४ सेंटीमीटर वर असतं. ऐकायला काहीच नाही, अर्ध्या वितीपेक्षा थोडं जास्त. पण एवढ्या फरकावर नदी टनावारी वाळू इकडची तिकडं करते. आणि त्रिज्येला रुंदीनं भागलं की येतं २.९. कॅनडातल्या बीटन नदीवर हिकिन आणि नॅन्सन यांनी १९७५ मध्ये दाखवलं होतं की हा आकडा ३ च्या जवळपास असतो तेव्हा वळण सगळ्यात वेगानं सरकतं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगतो.

समोर कोणकोणते पर्याय होते

२०१९ च्या दिवाळीत घरात आणि पारावर मिळून जेवढे उपाय सुचले तेवढे सांगतो.

पहिला, आणि सगळ्यात जास्त आवाज याचाच होता, समोरची वाळू काढा. लोकांचं म्हणणं सरळ होतं, आपली जमीन तिकडं जाऊन बसलीय, ती वाळू पाणी इकडं ढकलते, ती उचलली की नदी सरकेल. यावरूनच समोरच्या गावाशी तोंडातोंडी झाली. तात्या, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, तर म्हणाले की आपलीच माती आहे, आपण आणायची. त्यात अर्धं खरं आहे. वाळू साठल्यावर पात्र अरुंद होतं आणि ताण वाढतो हे बरोबर, पण वाळू हे पिळाचं फळ आहे, मूळ नाही. काढली तर पुढच्या पुरात परत येणार. शिवाय पात्रातनं वाळू उपसली की तळ खाली जातो आणि काठाची उंची आपोआप वाढते, म्हणजे पडायला आणखी सोपं. आणि परवानगी महसूलची, ती आमच्या हातात नव्हतीच.

आपली माती समोर जाते हेही खरं नाही. पुढच्या उन्हाळ्यात आबांना आमच्या मोटारीच्या खोलीच्या विटांचे तुकडे सापडले, आत निळा रंग दिलेला होता म्हणून ओळखू आले. कुठं? समोरच्या वाळूत एकही नाही. आमच्याच काठाला, खाली, म्हणजे पाणी वाहतं त्या दिशेला, अर्धा-पाऊण किलोमीटरवर, जिथं नदी उलट्या बाजूला वळते आणि आमचा काठ आतला होतो, तिथल्या वाळूत. कापलेला माल बहुतेक करून आपल्याच बाजूच्या खालच्या वाळूत उतरतो, पात्र ओलांडून समोर फारसा जात नाही. आबांनी तो विटेचा तुकडा खिशात घालून आणला आणि पारावर ठेवला. समोरच्या गावावरचा राग निम्मा तिथंच उतरला, एवढं काम माझ्या कुठल्याही आकृतीनं झालं नसतं.

दुसरा पर्याय एका कॉन्ट्रॅक्टरनं सुचवलेला, वळणाचा गळाच कापून नदी सरळ करायची. हा मी ऐकून घेतल्यावर लगेच नको म्हणालो. वळण कापलं की तेवढाच उतार कमी लांबीत येतो, पाणी जोर धरतं, वरच्या अंगाला तळ खोदतं आणि खालच्या लोकांच्या काठावर जाऊन आदळतं. अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीनं २६ एप्रिल १८७६ ला व्हिक्सबर्गजवळचं वळण आपणहून तोडलं, तर नदीकाठच्या त्या शहरासमोरची नदीच निघून गेली, १९०३ मध्ये याझू नदीचं पाणी कालव्यानं वळवून आणेपर्यंत धक्का सुनाच. दोन मळ्या वाचवायला आपण चार गावांची नदी हलवायची, हे बरोबर नाही.

तिसरा, काठावर दगड टाकायचे. चौथा, नदीत आडवे दगडी स्पर घालून पाणी काठापासून लांब ठेवायचं. पाचवा, आसामात ब्रह्मपुत्रेवर वापरतात तसे काँक्रीटच्या दांड्यांचे पॉर्क्युपाईन, पाणी मंद करून गाळ धरणारे. स्पर आणि पॉर्क्युपाईन दोन्ही पात्रात येतात, त्याला पाटबंधारेचं ना-हरकत लागतं, आणि एकट्या घराच्या आवाक्यातलं ते काम नाही. स्परमुळं समोरच्या काठावर पाणी फेकलं गेलं असतं तर परत भांडण.

सहावा पर्याय काकूंनी सांगितला. "नदीला तीस फूट सोडून द्या की, ऊस मागनं लावा." त्यावेळी कुणी मनावर घेतला नाही. मळीतला ऊस सोडायचा म्हणजे बापाची जमीन आपण होऊन टाकायची, असं आबांच्या मनात बसलेलं.

पहिला निर्णय, जो चुकला

आम्ही दगड टाकायचं ठरवलं. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये साठ ट्रॉली काळा दगड आणला. कुठं टाकायचा? सगळ्यांनी बोट दाखवलं ते वळणाच्या पोटाकडं, मध्यावर, कारण काठावर उभं राहिलं की पाणी तिथंच येऊन धडकतंय असं दिसतं. मीही हो म्हणालो. वरच्या उतारावर दगड नीट रचला, पायथ्याला मात्र पाणी होतं म्हणून खाली काही टाकलं नाही.

जुलै २०२१ चा पूर आला. पाणी उतरल्यावर बघायला गेलो तर दगडाचा बहुतेक भाग जागेवर होता, आणि तिथनं खाली तीनशे फुटांवर नवीन डगर पडलेली. रचाईच्या खालच्या टोकाला तर पाण्यानं मागनं शिरून खड्डा पाडला होता, शेवटची सात-आठ ट्रॉली दगड त्यात गडप.

इथं मी थांबतो जरा, कारण अख्ख्या प्रकरणातली मुख्य गोष्ट हीच आहे. वेगातलं पाणी वळणाच्या मध्यावर बाहेरच्या काठाला लागत नाही. वळणात शिरताना ते उलट आतल्या काठाच्या जवळ असतं, मग तिरकं पात्र ओलांडतं, आणि बाहेरच्या काठाला घट्ट चिकटतं ते मध्य ओलांडून गेल्यावर, खालच्या निम्म्या भागात. पीळही तयार व्हायला अंतर लागतं, तो तिथंच पूर्ण जोरात येतो. म्हणून वळण नुसतं बाहेर सरकत नाही, बाहेर आणि खाली असं दोन्हीकडं सरकतं. आजोबांच्या वेळचा डोह आणि आताचा डोह यात जे अंतर पडलंय ते गावातल्या कुणाही म्हाताऱ्याला विचारलं असतं तरी कळलं असतं. आम्ही विचारलं नाही, मोजलंही नाही, नुसतं बघितलं.

मोजणी

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, पाणी अजून बऱ्यापैकी वाहतं होतं आणि बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले नव्हते तेव्हा, आम्ही वळणाच्या वरच्या अंगाला पुलावरनं असोले नारळ सोडले, वीस नारळ, सारख्या अंतरानं पात्राच्या रुंदीभर. काठावर दर पन्नास फुटाला एक पोरगा, हातात वही. वीसातले तेरा नारळ बाहेरच्या काठाला आले आणि ते जिथं पहिल्यांदा काठाला लागले ती जागा मध्यापासून अडीचशे ते चारशे फूट खाली. पोरांनी वहीत लिहिलेलं मी अजून ठेवलंय.

मग डिसेंबरात, पाणी थांबल्यावर, खोली मोजली. होडी नव्हती, गुऱ्हाळाची काहील घेतली, पुरात आमच्याकडं माणसं काढायला तीच वापरतात. काहील गरगर फिरते म्हणून दोन्ही काठावरनं दोर बांधून धरली आणि दोरीला लोखंडी वजन लावून दर दहा फुटाला तळ बघितला. वळणाच्या मध्यावर बाहेरच्या काठापाशी १३ फूट, तिथनं तीनशे फूट खालच्या अंगाला २२ फूट, समोर आतल्या बाजूला ३ फूट. बावीस फुटाच्या डोहाच्या डोक्यावर आम्ही उसाची शेवटची सरी लावलेली. आबा काठावरनं आकडे ऐकत होते. बावीस ऐकल्यावर काही बोलले नाहीत, संध्याकाळी एवढंच म्हणाले, "वहिनी तुझी बरोबर बोलली होती रे, तीस फूट सोडूया." वहिनी म्हणजे माझी आई नव्हे, काकूंनाच सगळं घर वहिनी म्हणतं, आबासुद्धा.

दुसरा निर्णय

ना-हरकतीच्या अर्जाला सात महिने उत्तर आलं नाही, त्यात एक उन्हाळा गेला. काम झालं २०२३ च्या मार्च ते मे.

डगर सरळ उभी होती, ती कापून एकास दोन उतार केला, म्हणजे एक फूट उंचीला दोन फूट आडवं. यात आपलीच जमीन आपण कापतोय म्हणून वाईट वाटतं, पण उभी डगर नदी कापणारच होती. पायथ्याला तारेच्या जाळीत दगड भरून गॅबियन टाकले, आणि त्यांच्या पुढं नदीच्या तळावर मोकळ्या दगडाचा पंधरा फूट रुंद थर, ज्याला लाँचिंग ॲप्रन म्हणतात. याची गंमत अशी की तो पडण्यासाठीच घालायचा असतो. पुरात त्याच्या कडेचा तळ खरवडला गेला की दगड घरंगळत त्या खड्ड्यात जाऊन बसतात आणि उतार झाकतात. पहिल्या वेळी आम्ही नेमकं हेच केलं नव्हतं, वर अंगरखा घातला आणि पाय उघडे ठेवले.

दगडाच्या मागं बारीक खडी आणि जिओटेक्स्टाईल कापड, मुरलेलं पाणी बाहेर यावं पण माती येऊ नये म्हणून. ही जागा कुणी वगळू नका. पाणी अडकलं तर पूर उतरताना तेच आतनं ढकलतं.

वरच्या उतारावर वाळा लावला, त्याची मुळं सरळ खोल जातात, आणि त्याच्या वर बांबू नि करंज. उसाची मुळं वरच्या थरातच पसरतात, काठ धरायला त्यांचा उपयोग नाही. काठापासून तीस फूट ऊस बंद, त्याच्या मागच्या दोन सऱ्यांना ठिबक, कारण पाटानं पाणी दिलं की तेच पाणी काठात झिरपून मातीचं वजन वाढवत होतं. मोटार आता चाकांच्या गाड्यावर रुळावर बसवलीय, पूर यायच्या आत विंचनं ओढून वर घेता येते. जागा तीच, बाहेरचा काठ, डोहाचा फायदा आम्ही सोडला नाही.

काय निष्पन्न झालं

२०२४ च्या पावसाळ्यात पाणी चढलं, मळीत कमरेपर्यंत होतं. उतरल्यावर दोन गॅबियन दीडेक फूट खाली बसलेले आणि ॲप्रनचे दगड पुढं घसरलेले दिसले. तात्या घाबरले, काम गेलं म्हणाले. काहील घालून मोजलं तर दगड तळाच्या खड्ड्यात जाऊन बसले होते, काठाची कड जिथल्या तिथं. आम्ही वरनं चार ट्रॉली दगड भरला. वाळ्याचं बेट हाताला उपटत नाही एवढं धरलंय. करंज निम्मी गेली.

पण आमचं काम जिथं संपतं तिथनं खाली शेजाऱ्याचा बांध लागतो, आणि त्यांच्या काठाला यंदा नवीन कड निघालीय. आमच्या दगडाचा काठ खडबडीत नि पक्का, त्यांचा मऊ, सांध्यावर भोवरा होतो. टोक आम्ही काठात वीस फूट आत वळवून घेतलं होतं, त्यामुळं आमच्या मागं पाणी शिरलं नाही, पण त्यांचं व्हायचं ते झालं. याला मी आमचीच चूक धरतो. नदीनं सातबारा बघून वळण घेतलेलं नाही, खालच्या निम्म्या वळणाला चार जणांचे बांध लागतात, चौघांनी मिळून अर्ज केला असता तर काम पुढच्या सांध्यापर्यंत, जिथं पाणी काठ सोडून समोर जायला लागतं तिथपर्यंत, नेता आलं असतं.

आज परत करायचं असतं तर

२०२० चे साठ ट्रॉली आणण्याआधी वीस नारळ आणि एक दिवसाची काहील, एवढंच आधी केलं असतं. जुने डोह कुठं होते ते गावातल्या म्हाताऱ्यांकडनं लिहून घेतलं असतं, उपग्रहाची जुनी चित्रं गुगल अर्थवर फुकट बघता येतात, त्यात काठ दरवर्षी किती आणि कुठल्या दिशेला सरकला ते चक्क दिसतं. तीस फूट २०१९ मध्येच सोडले असते, तर मधल्या दोन-तीन वर्षांत तिथली झाडं मोठी झाली असती. आणि पूर उतरायला लागला की पहिले दहा दिवस काठावर ट्रॅक्टर न्यायचा नाही, हा नियम तेव्हाच केला असता, आता घरात तो सगळे पाळतात.

दगड पुरेल का, किती वर्षं, हे विचारतात लोक. वळण सरकायचं थांबणार नाही, आपण ते या तीनशे-चारशे फुटांत हळू केलंय. म्हणून दर दिवाळीनंतर काहील काढायची आणि ठरलेल्या बारा खुणांवर दोरी टाकायची असं ठरवलंय. गेल्या वेळी डोहात आकडा २१ आला. शेजारच्या बांधाखाली १७, तो आधी १४ होता, आणि शेजारचे दादा आता आमच्याबरोबर काहिलीचा दोर धरायला येतात, अर्जावर चौघांच्या सह्याही झाल्यात.